इंजिनावरची अक्षरे : ओतलेली आणि ठोकलेली

द्वितीय वर्ष कला (इतिहास)

जुन्या गाडीच्या इंजिनावर दोन जातींची अक्षरे असतात. काही बोटाला वर आलेली लागतात, काही आत गेलेली. हा फरक मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठाऊक नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख का लिहावा, असे पुष्कळांना वाटेल. त्याला कारण आमच्या मामांची जीप.

मामा चाकणजवळ शेती करतात. दोन वर्षांच्या कांद्याचे पैसे घालून त्यांनी एक जुनी जीप घेतली. हल्ली नवरदेवाच्या वरातीला अशा जिपा भाड्याने जातात. विकणाऱ्याने ‘लढाईतली अस्सल विलीज’ म्हणून सांगितले आणि किंमतही तशीच घेतली. गाडी नावावर करायच्या वेळी मात्र इंजिनावरचा नंबर नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. तेव्हा मामांनी जीप आमच्या दारात आणून उभी केली. माझे वडील चिंचवडला फौंड्रीत मोल्डर आहेत, आणि बिडाचे काही असले की आमच्या नात्यात त्यांनाच विचारतात.

“दाजी, हे इंजिन नक्की कुठलं ते सांगा,” मामा म्हणाले.

“आधी डिझेल अन् चिंधी आणा,” वडील म्हणाले.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेले बीड ओततात. पॅटर्नवर अक्षरांच्या लहान पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांचा वाळूत खड्डा पडतो, खड्ड्यात बीड शिरते आणि ब्लॉकवर अक्षर उठावाने येते. कारखान्याची खूण, ओतकामाचा नंबर, कधी सिलिंडरांच्या स्फोटांचा क्रम, असा मजकूर त्यात असतो. काही ठिकाणी घड्याळाच्या तबकडीसारखी छोटी चकती किंवा ठिपके असतात. त्यावरून ओतल्याचा महिना किंवा वर्ष कळते. वाळूतले अक्षर अर्थातच उलटे दिसते. वडील चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरे आणि आकडे ते वाळूत शिकले, म्हणून अजूनही त्यांना उलटे अक्षर सुलट्यापेक्षा लवकर लागते. मी कॉलेजात जातो याचे त्यांना कौतुक आहे, पण त्या दिवशी वाचन त्यांनीच केले.

उठावाचे अक्षर तो ब्लॉक कोणत्या पॅटर्नचा हे सांगते. एकाच पॅटर्नवरून हजारो ब्लॉक निघतात, आणि एकच ओतीव नग वेगवेगळ्या रीतीने यंत्रावर कातून निरनिराळ्या इंजिनांनाही वापरता येतो. म्हणून ओतकामाचा नंबर म्हणजे इंजिनाचा नंबर नव्हे. इंजिनाचा स्वतःचा नंबर मागाहून, यंत्रावर सपाट केलेल्या जागेवर पोलादी पंचाने ठोकतात. तो खोल असतो, आणि पुस्तकात चढतो तोही हाच.

आता जीपकडे येऊ. देहूरोड आणि खडकीला लष्कराचे डेपो, त्यामुळे आमच्या भागात जीप ही काही नवलाची वस्तू नाही. युद्धकाळात एकाच नमुन्याच्या जिपा अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी बनवल्या, विलीज आणि फोर्ड. विलीजच्या इंजिनाचा नंबर ‘एमबी’ने सुरू होतो, फोर्डचा ‘जीपीडब्ल्यू’ने. फोर्डने तर बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा आपला ‘एफ’ उमटवला होता! भारतात महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जिपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे विलीजच्या परवान्याने ‘सीजे-३बी’ ही जीप इथेच बनवली. विलीजच्या त्या नमुन्याच्या इंजिन-नंबराची सुरुवात ‘४जे’ने होते.

नंबराची जागा ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात वर, पाण्याच्या पंपाजवळ. वडिलांनी तिथले काजळ डिझेलने पुसले. वायरचा ब्रश त्यांनी मला लावू दिला नाही, कारण पुसट ठसा त्याने आणखी पुसतो. मग कागद धरून पेन्सिल घासली. चासी नंबराचा असाच छाप गाडीच्या कामांसाठी घेतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. कागदावर उमटले ‘४जे’. पुस्तकात होते ‘एमबी’.

एकट्या नंबरावर विश्वास ठेवू नये, कारण ठोकलेला नंबर घासून दुसरा ठोकता येतो. आमच्या इतिहासाच्या तासाला अस्सल कागद आणि नक्कल यांबद्दल जे सांगतात तेच इथे लागू पडते. वडिलांनी बॅटरी तिरपी धरली. सपाट जागेवर यंत्राच्या मूळ रेघा एका दिशेने गेल्या होत्या. ग्राइंडर फिरला असता तर गोल ओरखडे दिसले असते. अक्षरे किंचित वाकडी होती, पण पूर्वी कारखान्यातही हातानेच ठोकत, तेव्हा वाकडेपणा हा पुरावा नव्हे. (घासलेला नंबरही पुष्कळदा सापडतो. पंचाच्या घावाने अक्षराखालचा धातू दबलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे आम्ल लावले की दबलेला भाग वेगळा झिजतो आणि जुना आकडा पुन्हा दिसू लागतो.)

दुसरी साक्ष इंजिनाच्या बांधणीची. युद्धातल्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात, त्यामुळे हेड सपाट आणि त्यावर फक्त स्पार्क प्लग. पुढच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, वर झाकण आले आणि इंजिन उंच झाले. दोन्हींची क्षमता एकच, सुमारे २२०० सीसी. आवाजावरून किंवा मापावरून फसायला वाव आहे, उंचीवरून नाही. सीजे-३बीचे बॉनेट उंच आहे ते याच इंजिनामुळे.

मामांच्या जीपला बॉनेटवर पत्र्याचा एक उंचवटा वेल्ड केलेला आहे. विकणाऱ्याने तो ‘शोभेसाठी’ असल्याचे सांगितले होते. वडिलांनी त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, “पाहुणं, इंजिन मावेना म्हणून केलंय हे.”

म्हणजे नंबर खोटा नव्हता, इंजिनच मागाहून बदलले होते. त्यात गुन्हा नाही. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तकात चढवावा लागतो. आधीच्या कुठल्या तरी मालकाने ते केलेच नाही. मामांनी आता अर्ज दिला आहे. अर्ज मीच लिहिला, पेन्सिलीचा छाप वडिलांनी काढून दिला. बदललेल्या इंजिनाच्या खरेदीची पावती मागितली आहे. ती मामांकडे नाही, आणि विकणारा फोन उचलत नाही. जीप अजून आमच्या दारातच आहे.