बारा मे, बारा एकतीस

पहाटे ५.१५

मॅडम चुलीपाशी उभ्या आहेत. गहू तीन दिवस भिजला, काल वाटून झाला, रात्रभर चीक खाली बसला. वरचं आंबूस पाणी ओतून दिलंय. आता मिठाच्या उकळत्या पाण्यात चीक सोडायचा आणि हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळी. आत्या, म्हणजे सासूबाई, सोऱ्या धुऊन तयार. ऊन चढायच्या आत कुरडया स्लॅबवर पडल्या पाहिजेत.

शिजलेला चमचाभर चीक मॅडम वाटीत काढून घेतात.

"आता हे कशाला गं?"

"आठवीला लागंल, आत्या."

वाटीत आयोडीनचे दोन थेंब पडतात. रंगच येत नाही. चीक अजून वाफाळतोय. वाटी गार पाण्यात धरली, तसा निळा-काळा डाग उमटून पसरायला लागला. गरम स्टार्चला आयोडीन धरून राहत नाही. हे वर्गात कळलं असतं तर तास गेला असता. हात पुसून वहीत ओळ पडते: चीक गार करून न्यावा.

सकाळी ७.४०

कुरडया स्लॅबवर जुन्या साडीवर पसरल्यात. मॅडम खाली टेबलाशी. समोर तीन इयत्तांची विज्ञानाची पुस्तकं, पट्टी आणि दोन रंगांची पेनं. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, मग रोजचं टाचण. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण टाचणाची वही मेमध्येच भरायला लागते.

मॅडम शिक्षणसेवक आहेत, दुसरं वर्ष. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत महिना ८,००० होतं, आता १८,००० आहे. तीन वर्षं असंच, मग वेतनश्रेणी.

पुस्तकाचा क्रम जसाच्या तसा उतरवला तर नियोजन तासाभरात होतं. मॅडमना ते जमत नाही. नववीचं सहावं प्रकरण वनस्पतींच्या वर्गीकरणाचं. क्रमाने गेलं तर सप्टेंबर उजाडतो, आणि त्यातलं शेवाळ, रिक्सिया, नेचे जुलैतच ओल्या भिंतींवर आणि बांधाला फुकट मिळतात. ते वर ओढलं. आठवं प्रकरण सूक्ष्मजीवांचं. पावसाळी हवेत पावाच्या तुकड्याला दोन-तीन दिवसांत बुरशी येते, म्हणून तेही पावसात. दहावीची भिंगं मात्र पावसात नकोत. नाभीय अंतर काढायला सूर्य लागतो. मेणबत्तीवर भागतं, पण भिंगाने कागद जळताना बघितलेलं पोरगं नाभी विसरत नाही. भिंगं ऑक्टोबरच्या उन्हात ढकलली.

कागदावर बाण इतके झाले की पान नव्याने लिहायला घेतलं.

सकाळी ९.१०

स्कूटीत शंभराचं पेट्रोल टाकून सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली. पलीकडे सातारा जिल्हा, शिरवळ. नवरा इथल्याच एमआयडीसीत, रात्रपाळी करून आता घरी झोपलाय.

पहिलं दुकान कृषी सेवा केंद्र. पाव किलो मोरचूद, एकशे दहा.

"डाळिंब आहे का तुमचं?"

"नाही हो. खिळ्यांना तांबं चढवायचंय."

दुकानदार पाकीट देतो, पण बघत राहतो. बोर्डो मिश्रणाला लागणारं मोरचूद म्हणजेच दहावीच्या विस्थापन अभिक्रियेतलं कॉपर सल्फेट. निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की थोड्या वेळात लालसर पुट चढतं आणि निळा रंग फिका पडत जातो. प्रयोगाला चिमूटभर पुरतं, पाव किलोत वर्ष निघतं. मात्र विषारी आहे, डबा कुलपातच.

मग सेल चार, साठ रुपये. सेफ्टी पिनांचा पत्ता दहाला. बहिर्गोल भिंगं दोन, नव्वद. शेवटी मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून ठेवल्यात. जुन्या तारेचं इनॅमल करपलेलं, ती नको. नव्या तारेची रिळावर उरलेली टोकं हवीत. मिस्त्री मूठभर तार देतो, पैसे घेत नाही. त्याची मुलगी यंदा नववीत जाणार आहे.

पेट्रोल धरून तीनशे सत्तर. शाळेला बिल लावता येतं का, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, पक्कं बिल कोण देतं इथं?

सकाळी १०.४०

स्लॅबवर सहा पोरं जमलीत. अर्ध्या भागात कुरडया, उरलेल्यात विज्ञान.

"पाय बघून ठेवा रे, आत्या ओरडतील!"

शहाबादी फरशीचा तुकडा मांडला. गवंडीकाम करणाऱ्या चुलतदिराकडून लेव्हल आणि ओळंबा आणलाय. लेव्हलचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत फरशीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले. वर पीव्हीसीची तीस सेंटिमीटरची नळी उभी केली आणि ओळंब्याने दोन बाजूंनी तपासली. एवढ्यालाच वीस मिनिटं गेली. नळी तिरपी असली तर पुढचं सगळं खोटं.

सावलीच्या टोकाला खडूची खूण. अकराला नळी ठेवली तेव्हा सावली बारा सेंटिमीटर, पश्चिमेला. साडेअकराला आठ.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये हा दिवस दक्षिणेकडून वर सरकत जातो: कोल्हापूरला ६ तारखेच्या आसपास, नागपूरला २६ च्या. भोरच्या या पट्ट्यात १२ मे. आणि १२ मेला शाळा बंद असते.

दुपारी १२.००

पोरांनी पैज लावली होती: बाराला सावली संपणार. हरणाऱ्याने सगळ्यांना पेप्सी द्यायची, दोन रुपयेवाली. बारा वाजले. सावली चार सेंटिमीटर. पैज लावणारा मोबाइल झटकून बघतो.

घड्याळ बरोबर आहे, मॅडम सांगतात, पण ते आपल्या गावचं नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची. आपण चौऱ्याहत्तरच्या जवळपास. एका अंशाला चार मिनिटं. करा गुणाकार.

साडेआठ चोक चौतीस. म्हणजे बारा चौतीस. मॅडम त्यातून साडेतीन मिनिटं वजा करायला लावतात आणि कारण नंतर सांगते म्हणतात.

दुपारी १२.३१

नळीच्या बुंध्याशी काहीच नाही. पोरं चारी बाजूंनी वाकून बघतात. एकजण फरशीवर बोट उभं धरतो, त्याचीही सावली बोटाखालीच. कुरडयांची जाळी उन्हात आहे आणि तिची सावली तिच्याच खाली गेलीय. चुकून एक दिवस पुढेमागे झाला असता तर या नळीला फरक पडला असता मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा. खडूची रेघ त्याहून जाड असते.

बारा चाळीसला सावली पूर्वेला सेंटिमीटरभर बाहेर आली. पैज हरलेला पोरगा पेप्सी आणायला पळाला.

दुपारी २.१५

वीज गेलीय. घरात सगळे आडवे. मॅडम मोरचूद बाटलीत भरून चिठ्ठी लावतात: विष.

दुपारी ४.३०

तार बोटांभोवती दहा वेढे गुंडाळली, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढली. आता ब्लेड. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त वरच्या अर्ध्या बाजूने. खालची अर्धी बाजू तशीच राहिली पाहिजे. नाहीतर वेटोळं अर्धी फेरी पुढे ढकललं जातं आणि उरलेल्या अर्ध्यात मागे ओढलं जातं. अर्धा वेळ प्रवाह तुटला की ते आपल्याच झोकाने पुढे जातं. सेलच्या दोन टोकांना सेफ्टी पिना, पिनांच्या नेढ्यात तार, खाली जुन्या स्पीकरचं चुंबक. पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी असलीच मोटर वर्षानुवर्षं पोरांकडून करून घेतली.

पहिली फिरत नाही. वेटोळं एका बाजूला जड. दुसरी थरथरते. तिसरीला बोटाने टिचकी मारली आणि ती सुटली. सेल तापायला लागला तशी मॅडमनी तार उचलली. पंधरा रुपयांचा सेल आहे. अशा दहा मोटरी करायच्या, चौघांत एक.

संध्याकाळी ६.४५

म्हशीचं दूध डेअरीवर घालून आल्या. नवरा डबा घेऊन पाळीला निघाला. कुरडया अजून एक ऊन मागतात.

रात्री ९.२०

पोरांच्या ग्रुपवर फोटो आलेत, निम्म्यांत नळी कमी आणि पोरं जास्त. एकाने विचारलंय, ती साडेतीन मिनिटं कशाची? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे खरा मध्यान्ह वर्षभर पुढेमागे सरकतो, असं मॅडम लिहितात. मग खोडतात. आकृतीशिवाय कळणार नाही.

नियोजनाचा तक्ता पुन्हा उघडला. त्यात मे महिन्याचा रकानाच नाही, सुरुवात जूनपासून. शून्य सावलीचा दुसरा दिवस ३१ जुलैच्या आसपास. तेव्हा शाळा असते आणि वर ढगही. त्या रकान्यात मॅडम बारीक अक्षरात लिहितात: सावली, दु. १२.४०. मेपेक्षा नऊ मिनिटं उशिरा, त्या कारणाची आकृती तेव्हा फळ्यावर काढता येईल.

पुढे लाल पेनाने: ढग असल्यास बुरशी.