एका भाकरीचे वाटेकरी

इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात जेवणावरून झालेली एक तक्रार आहे. त्या काळी प्रभुभोजन हे खरोखरीचे जेवण असे, कोणाच्या तरी घरी एकत्र बसून केलेले. पण खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आपापले आणलेले आधीच संपवत. ज्यांच्याकडे आणायला काही नव्हते, ते उपाशी राहत. पौल चांगलाच संतापला. तुम्ही जे जेवता ते प्रभुभोजन नव्हेच, असे त्याने सरळ सुनावले. तत्त्वज्ञानाचे गाढे प्रश्न बाजूला ठेवून त्याने पंगतीचा प्रश्न धसास लावला, याचे कारण ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातच आहे. माणूस देवापुढे एकटा उभा राहतो, हे खरे. पण त्याची श्रद्धा खरी की खोटी, हे शेजारी बसलेल्या माणसाशी तो कसा वागतो यावरून ठरते.

येशूने लोक जमवले ते जेवता-जेवता. जकातदार, पापी म्हणून हिणवलेल्या बायका, कोळी, अशा माणसांसोबत तो जेवायला बसला आणि धर्ममार्तंडांचा मोठा आक्षेप त्यावरच होता. शेवटच्या रात्री त्याने शिष्यांना स्वतःची आठवण म्हणून ठेवायला सांगितले तेही एकत्र खाणेच. त्यामुळे त्याच्या मागे उभी राहिलेली मंडळी घराघरांत भाकर मोडणारी होती. प्रेषितांच्या कृत्यांत वर्णन येते की जेरुसलेममधले विश्वासणारे जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज असेल तसे वाटून देत. तिथेही लवकरच कुरबूर झाली: रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते म्हणून. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. त्या कामासाठी मंडळीकडून सात माणसे निवडून घेतली. ख्रिस्ती मंडळीतली ही पहिली व्यवस्था, आणि ती विधवांच्या जेवणासाठी निर्माण झाली.

शंभर वर्षांनी, 155 च्या आसपास, रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, असा क्रम आजही ओळखीचा वाटावा. त्यातले दोन तपशील मोलाचे आहेत. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा त्यांच्या घरी पोचवला जाई. आणि जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी वापरले जाई. आजही आपल्याकडचे फादर किंवा पाळक उपासना आटोपून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातात, ते याच परंपरेने.

गोव्यातले पुराण, मुंबईतले कूड

मराठी भाषेत या सहवासाची पहिली मोठी खूण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी बायबलची कथा ओवीत बांधली. ती 1616 मध्ये छापून निघाली. जुने धर्मग्रंथ दुरावलेल्या माणसांना एकत्र बसून ऐकायला काहीतरी हवे होते. पोथी लावणे, एकाने वाचणे आणि सर्वांनी ऐकणे ही इथली जुनी रीत होती. स्टीफन्स यांनी ती रीत मोडली नाही, तिच्यात नवी कथा घातली. श्रद्धा पुस्तकातून एकेकट्याने शिकायची नसून कानांनी, सोबतीने शिकायची, ही समज त्यामागे आहे.

गोव्याचा दुसरा नमुना मुंबईत पाहायला मिळतो: कूड. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे लोक बोटीवर, स्वयंपाकघरांत, बँडमध्ये काम शोधत मुंबईला येऊ लागले. परक्या शहरात उतरायचे कुठे? गावागावाने आपापला कूड काढला. धोबीतलावच्या जेर महालात आणि माझगाव-डोंगरीच्या बाजूला असे कूड आजही आहेत. एक लांबट खोली, भिंतीलगत सभासदांच्या ट्रंका आणि समोर वेदी. या वेदीवर गावच्या चर्चच्या संताची मूर्ती असते. प्रत्येकाच्या वाट्याला जागा थोडी. बोट लागली की माणूस येतो, चटई पसरतो. बोट सुटली की ट्रंक ठेवून जातो. भाडे नाममात्र, पण नियम कडक: संध्याकाळी रोझरीला हजर राहायचे. दिवसभर कंपन्यांच्या दारात चकरा मारून नाउमेद झालेला पोरगा आणि तीस वर्षे समुद्रावर घालवलेला बावर्ची एकाच ओळीत गुडघे टेकतात. नोकरी कुठे निघाली, कोणत्या बोटीवर माणसे हवीत, ही खबर प्रार्थना संपल्यावर याच खोलीत मिळते. गावच्या फेस्ताला सगळे मिळून जेवतात. हजारो घरे या खोल्यांच्या आधाराने उभी राहिली.

वसई: चर्च, पतपेढी, पाणी

वसईचा किनारा 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. राज्यकर्ते गेले, बहुतेक परदेशी पाद्रीही गेले. पण इथले सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपल्या श्रद्धेला धरून राहिले. सत्तेचे छत्र हरपल्यावरही टिकली ती गावकीत रुजलेली श्रद्धा. ही गावकी लग्नात अजून दिसते. उत्तर कोकणातल्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी 'उंबराचं पाणी' आणायची रीत आहे: बँड वाजवत, गाणी म्हणत बायका विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या न्हाणासाठी पाणी भरून आणतात. चर्चमधला विधी फादर लावतात. लग्न लावतो तो सगळा पाडा.

वसईने सहवासाला आर्थिक रूपही दिले. 1918 मध्ये मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे पतसंस्था निघाली. तीच पुढे बसीन कॅथोलिक बँक म्हणून वाढली. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये, शेजाऱ्याच्या ठेवीतून शेजाऱ्याला कर्ज मिळावे, हा हिशेब साधा होता. रविवारी एका बाकावर बसणारी माणसे सोमवारी एकमेकांना जामीन राहिली. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरवाईवर आणि पाण्यावर गदा आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी बरोबर होते. 2020 मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे हेच दिब्रिटो. मंडळी कुंपणाबाहेर पाहते तेव्हा तिची उंची वाढते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसले.

नगर आणि केडगाव

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) ठाणे उघडले. 1842 पासून तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. त्या काळात बाप्तिस्मा घेणे म्हणजे पाणवठा, पंगत, सोयरीक, सगळे एका दिवसात तुटणे. वारसाहक्कसुद्धा जाई, 1850 च्या कायद्याने तो वाचला. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून, विशेषतः महार समाजातून, अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. अशा माणसाला मंडळी हेच माहेर, हीच भावकी. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली, आणि गावोगावच्या ओसरीवर टाळ-मृदंगाच्या साथीने माणसे जमू लागली. पण मिशन कंपाउंडच्या भिंतींनी जसा आसरा दिला, तसे गावापासून तोडलेही. ही किंमत आपण मोजली, हे मान्य केले पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही भिंत सलत होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी एकटेपण पुरेपूर भोगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनातून जात कशी टप्प्याटप्प्याने गळून पडली, हे 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात वाचावे. व्याख्यान ऐकून जात गेली नाही. माणसांत राहून, त्यांच्या हातचे पाणी पिऊन गेली. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे सारे एका बंधुमंडळात यावेत, ही त्यांची उमेद. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार ओसरला. पण त्यांची पदे आजही महाराष्ट्रातल्या मंडळ्या 'उपासना संगीता'तून एका सुरात गातात.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींचे फुलहॅममधले काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे बायकाच प्रेमाने उभे करत होत्या. त्या दृश्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला आणि 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांनाही श्रद्धा भेटली ती माणसांच्या सोबतीतून. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली, विधवा आणल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1900 च्या सुमारास जवळपास दोन हजार जणी राहत होत्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी ब्रेल शिकवणारे बार्तिमी सदन. कालपर्यंत अन्नाला मोताद असलेली मुलगी इथे माग चालवी, शेत राखी, छापखान्यात खिळे जुळवी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतले बायबल याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. दयेवर जगणाऱ्यांचे हे आश्रमघर नव्हते. एकमेकींना सांभाळणाऱ्या बायकांची ती मंडळी होती.

जिथे आपण कमी पडलो

एवढे सगळे खरे असले तरी करिंथची तक्रार मिटलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर लिहिताना स्पष्ट बजावले की धर्मांतराने जात गेली नाही आणि चर्चने त्याविरुद्ध पुरेशी झुंज दिली नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. महाराष्ट्रात चर्चचे बाक एक झाले, पण सोयरिकी दीर्घकाळ जुन्या जातीतच होत राहिल्या. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती दलित ख्रिस्ती माणसाला नाकारल्या. सरकार त्याला दलित मानत नाही आणि सोयरीक करताना आपण त्याची जात विसरत नाही, अशा दुहेरी कोंडीत तो आहे. एका प्याल्यातून पिणाऱ्यांनी हे सहन करावे, याला कुठलाही बचाव नाही.

पंथभेदांचीही हीच गत. वेगवेगळ्या मिशनांनी आपापले जिल्हे वाटून घेतले आणि परदेशातली भांडणे इथे आणली. त्यावर उत्तर म्हणून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एक होता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मालमत्तेच्या वादांपायी कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या आजच्या मंडळ्यांनी ते आठवावे.

2020 मध्ये टाळेबंदीत चर्च बंद झाली आणि ईस्टरची मिस्सा मोबाइलवर आली. प्रवचन ऐकू आले, गाणी ऐकू आली. भाकर मात्र पडद्यातून हातात येईना. तेव्हापासून घरबसल्या उपासना पाहायची सवय अनेकांना लागली आहे. आजाऱ्यांसाठी ती सोय मोलाची आहे. पण धडधाकट माणसाने त्यावर भागवले, तर शेजारच्या बाकावरचे माणूस आज का आले नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. पॅरिशमधले छोटे ख्रिस्ती समूह, आळीपाळीने घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांच्या गरिबांघरच्या भेटी, ही साधने आपल्याकडे आहेत. ती नुसती वार्षिक अहवालात राहू नयेत.

येत्या नाताळात फराळाची ताटे शेजारीपाजारी जातीलच. त्याआधी प्रत्येक मंडळीने तीन गोष्टी तपासून पाहाव्यात: आपल्यात एकटे राहणारे म्हातारे किती, गेल्या वर्षात उपासनेला यायचे कोणी थांबवले, आणि लग्न जुळवताना आपण जात विचारतो का. पहिल्या दोन प्रश्नांसाठी घराबाहेर पडून चार दारे ठोठावावी लागतील, तिसऱ्यासाठी आपल्याच घरात बोलावे लागेल. ज्या मंडळीत शेवटच्या बाकावरच्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही, ती अजून मंडळी व्हायची आहे.