बेटावरची एकटी नर्स

आज आपण पॅसिफिक महासागरातल्या बेट-देशांतल्या नर्स आणि मिडवाइफ यांच्याबद्दल बोलणार आहोत. मिडवाइफ म्हणजे रीतसर शिकलेली सुईण. तिकडे बहुतेक वेळा नर्सच पुढचं प्रशिक्षण घेऊन मिडवाइफ होते.

अशा चर्चेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : दर हजार लोकांमागे नर्स किती? प्रश्न चुकीचा नाही, पण बेटांच्या बाबतीत तो फसवतो. किरिबातीचं उदाहरण घ्या. लोकसंख्या साधारण सव्वा लाख. पण हे लोक वीसेक बेटांवर राहतात, आणि ही बेटं सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहेत. म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त! जवळपास निम्मे लोक दक्षिण तारावा या राजधानीच्या भागात एकवटलेत. तिथं दहा नर्स वाढल्या की देशाची सरासरी सुधारते. दूरच्या बेटावर रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आता एक साधा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. एका नर्सची ड्युटी ४० तासांची धरली, तर एक केंद्र चोवीस तास चालवायला चारपेक्षा जास्त नर्स लागतात. त्यात रजा, आजारपण धरलेलं नाही. लहान बेटावर प्रत्यक्षात पुष्कळदा एकच असते. म्हणजे ती झोपते तेव्हाही ड्युटीवरच असते!

याचा परिणाम कुठं दिसतो? बाळंतपणात. बाळ जन्मल्यावर गर्भाशय नीट आकुंचन पावलं नाही तर रक्तस्राव सुरू होतो, आणि तो जोराचा असेल तर दोनेक तासांतही बाई दगावू शकते. मोठ्या हॉस्पिटलपर्यंत बोटीनं जायला त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर उपचार बेटावरच व्हायला हवेत. त्यासाठीचं नेहमीचं इंजेक्शन ऑक्सिटोसिन. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज आणि वीज आलीच. २०१८ मध्ये दहा देशांत सुमारे ३० हजार बायकांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तस्राव टाळण्यासाठी, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हे औषध ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. बेटांसाठी ही मोठीच सोय. पण वार पूर्ण पडली का, पोट चोळून गर्भाशय घट्ट झालंय का, हे बघायला शिकलेले हात लागतातच.

मग हे हात टिकत का नाहीत? फिजीतल्या अनेक नर्स ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जातात. काही जणी तिथं वृद्धांची देखभाल करतात. पगार कित्येक पट, ड्युटीचे तास ठरलेले, मुलांचं शिक्षण चांगलं. त्यांना दोष देऊन काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये परदेशी भरतीसाठी आचारसंहिता केली. २०२३ च्या यादीत ५५ देश आहेत, जिथून भरतीसाठी ओढाओढ करू नये असे. त्यात किरिबाती, सामोआ, तुवालू, सॉलोमन बेटं, वानुआतू आहेत. फिजी नाही. आणि आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. ती पाळणं ऐच्छिक आहे.

तेव्हा 'बळकटीकरण' म्हणजे नुसत्या जागा भरणं नाही. माझ्या मते चार गोष्टी लागतात. एक, त्याच बेटावरच्या मुलींना निवडून शिकवायचं. तिथं घर असलेली टिकण्याची शक्यता जास्त. दोन, एकटीनं निर्णय घ्यायचे तर तसं प्रशिक्षण, औषधं आणि लेखी अधिकार तिला द्यायचे. तीन, बदली नर्सची सोय, म्हणजे तिला रजा घेता येईल आणि शिकायलाही जाता येईल. चार, ज्या श्रीमंत देशाला नर्स हवी, त्यानं तिच्या जागी दुसरी तयार करण्याच्या खर्चात वाटा उचलायचा.

यातली तिसरी गोष्ट आराखड्यांत सहज मागं पडू शकते. पुढच्या वेळी असा एखादा आराखडा वाचाल तेव्हा 'किती नर्स नेमणार' याच्याबरोबर एवढं शोधा : ही नर्स रजेवर गेली तर त्या बेटावर कोण असेल?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.