शवागारातील सांडपाणी आणि ते शुद्ध करणारे जिवाणू

कुटुंबातील व्यक्ती देवाघरी जाते आणि मुलगा पुण्यात, मुलगी आखातात असते, तेव्हा पार्थिव शवागारात ठेवून आपण दफनविधीची वेळ निश्चित करतो. देह स्वच्छ धुऊन आपल्या हाती दिला जातो. ते धुतलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न मात्र दुःखाच्या त्या घडीला आपल्या मनात येत नाही.

वऱ्हाडात तरी तो यावयास हवा. अकोला शहरातून वाहणारी मोर्णा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. तेथील विहिरींचे पाणी मचूळ असल्याने गोड्या पाण्याचा प्रत्येक ओहोळ मोलाचा आहे. २०१८ साली अकोलेकरांनी मोर्णेतील जलपर्णी उपसून काढली. परंतु जलपर्णी ज्यावर पोसली जाते, ते सांडपाणी हाताने उपसता येत नाही.

शवागाराच्या सांडपाण्यात रक्त, शरीरातील द्रव आणि रोगजंतू असतात. अशा पाण्याच्या शुद्धीकरणाचे मुख्य काम जिवाणूच करतात. हौदात सतत हवा सोडली की ते वाढतात, पाण्यातील सेंद्रिय घाण खातात आणि पुढच्या हौदात गाळ होऊन तळाशी बसतात. वरचे पाणी शेवटी निर्जंतुक केले जाते.

अडचण निर्माण होते ती फॉर्मेलिनमुळे. देह दूर पाठविण्यापूर्वी टिकविण्यासाठी, तसेच वैद्यकीय महाविद्यालयांत देहदानातून आलेले देह अभ्यासासाठी जतन करण्यासाठी ते वापरतात. त्यात सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड असते. ते जंतू मारते म्हणूनच देह टिकतो. पण तेच एकदम हौदात ओतले, तर घाण खाणारे जिवाणूही मरतात आणि सर्व रुग्णालयाचे पाणी शुद्ध न होताच बाहेर पडते. जंतुनाशक क्लोरीन अति प्रमाणात गेले तरी तीच गत. आश्चर्य असे की, हेच विष पुरेसे विरळ करून थोडेथोडे सोडले, तर सरावलेले जिवाणू त्याचे आधी फॉर्मिक आम्ल व नंतर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. यासाठीच आरंभी सर्व पाणी एकत्र साठवून समप्रमाणात पुढे सोडणारा हौद लागतो. आमच्या मते संपूर्ण यंत्रणेत तोच सर्वांत महत्त्वाचा, आणि पैसे वाचवावयाचे झाल्यास बहुधा त्याच्यावरच कात्री चालते.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रासायनिक द्रव वेगळा गोळा करून शुद्धीकरणाकडे न्यावा लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रामपेक्षा अधिक चालत नाही. शिवाय त्या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के ९६ तासांनंतर जिवंत राहावे लागतात.

यात माणसाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. शवागाराची फरशी धुणारा कर्मचारी त्याची वाफ रोज श्वासात घेत असतो.

दफन येथेच एक-दोन दिवसांत होणार असेल, तर पार्थिवास सहसा शीतगृह पुरते. फॉर्मेलिनची गरज नसते. विमानाने देह न्यावयाचा असल्यास मात्र लेपनाचे प्रमाणपत्र मागितले जाते. शवागारात नोंद करतानाच दफनाचे ठिकाण आणि वेळ सांगावी.