तुकड्यांतले ओक

अमेरिकेच्या मिडवेस्टात शेती आणि शहरं वाढली, तसं ओकचं रान तुकड्यातुकड्यांत विभागलं गेलं. असे तुकडे एकटे पडून आतल्या आत खंगतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. पुरावा मात्र वेगळं सांगतो. ओकचे पराग वारा वाहून नेतो. इलिनॉयमधल्या बर ओकच्या एका छोट्या राईतली रोपं डीएनएवरून तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक परागकण राईबाहेरच्या झाडांचे निघाले. बियांचं काम ब्लू जे हा पक्षी करतो. व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्ग इथल्या, 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 50 जे पक्ष्यांनी एका हंगामात पिन ओकची जवळजवळ 1,33,000 फळं सरासरी 1.1 किलोमीटर दूर नेली होती. घशात भरून नेलेली फळं पक्षी एकेक करून मातीत दडवतो, आणि न उकरलेली रुजतात.

यावर आक्षेप येतो तो कॅलिफोर्नियातून. तिथल्या विरळ झालेल्या व्हॅली ओकमध्ये प्रत्येक मादीझाडाला, म्हणजे फळं धरणाऱ्या झाडाला, मोजक्याच झाडांचे पराग मिळत असल्याचं 2002 साली दिसलं. आक्षेप रास्त आहे. अंतर वाढलं की देवाणघेवाण आटते. तरीही माझ्या मते खरा धोका रोपांच्या वाढीला आहे. हरणं कोवळे शेंडे खातात, वणवे थांबवल्यामुळे मेपलची सावली दाटते, आणि ओकच्या रोपांना तर ऊन हवं असतं. शेकडो वर्षं जगणारी म्हातारी झाडं नव्या रोपांची ही तूट झाकून ठेवतात. म्हणून राई उभी दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. तिच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीची रोपं आहेत का, ते पाहा.