वातीतली चढण

देवापुढची समई तुम्ही कधी अगदी जवळ बसून निरखली आहे? ज्योत वातीच्या टोकाला आणि तेल खाली. मधे असतो फक्त वळलेला कापूस. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर आपल्याला मोटर लावावी लागते. इथे ना मोटर, ना पंप, तरी तेल आपलं आपण वर येतं आणि तासन्‌तास येत राहतं. लहानपणी मला वाटायचं, ज्योतच ते ओढून घेत असेल. पण न पेटवलेली वात तेलात ठेवून पाहा, तीसुद्धा टोकापर्यंत भिजते!

मग ओढतं तरी कोण? त्यासाठी आधी काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि डोळे पाण्याच्या पातळीशी आणा. मधे पाणी सपाट दिसतं, पण काचेला टेकतं तिथे किंचित वर वळलेलं असतं. सगळी गंमत या वळणात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, म्हणून तर थेंब गोल होतो. पण स्वच्छ काच त्यांना आपल्या सोबत्यांपेक्षाही जास्त ओढते. काठावरचे रेणू काचेला बिलगत वर सरकतात आणि शेजाऱ्यांचा हात काही सोडत नाहीत. त्यामुळे शेजारीही वर खेचले जातात.

पेला रुंद असतो. काठावरचे थोडेसे रेणू मधल्या एवढ्या मोठ्या गर्दीला कुठवर उचलणार? नळी केसासारखी बारीक केली, तर मात्र भिंतीच्या मानाने मधली गर्दी फारच थोडी उरते, आणि पाणी झरझर चढतं. म्हणूनच याचं नाव केशाकर्षण.

किती चढतं? १ मिलिमीटर रुंद भोकाच्या काचेच्या नळीत सुमारे ३ सेंटिमीटर. भोक त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं केलं, तर दहापट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर! जेम्स ज्युरिन या इंग्रज डॉक्टरांनी १७१८ च्या सुमारास हा हिशेब मांडला. कारण सोपं आहे. नळीची रुंदी निम्मी केली की ओढणारी भिंत निम्मी होते, पण तेवढ्याच उंचीच्या पाण्याचं वजन पाव होतं. निम्मी ओढ आणि पाव ओझं, म्हणून चढण दुप्पट. ओझं आणि ओढ सारखी झाली की पाणी थांबतं. (नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी केवळ यानेच पोचतं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. झाडातल्या नळ्या त्यासाठी पुरेशा बारीक नसतात. तिथे मुख्य ओढ असते ती पानांतून वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याची.)

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दोन काचपट्ट्या मिळाल्या तर हे डोळ्यांनी दिसेल. त्यांच्या एका बाजूच्या कडा एकमेकींना चिकटवा, दुसऱ्या बाजूला मधे काडेपेटीतली काडी घाला, रबर लावा आणि रंगीत पाण्यात उभ्या करा. काडीकडे पाणी जेमतेम चढतं, चिकटलेल्या कडेकडे उंचच उंच. मधे अशी देखणी वळणदार रेघ उमटते की बघत राहावं!

आता एक कोडं. ३ सेंटिमीटर पाणी चढवणारी नळी २ सेंटिमीटरवरच कापली, तर वरून कारंजं उडेल का? नाही उडणार. ओढणारी भिंतच संपली, की पाणी काठाशी थबकतं. वातीचंही तसंच. तेल टोकाशी येऊन थांबतं. ज्योत तिथलं तेल जाळून संपवते, म्हणून खालचं पुढे सरकतं. ज्योत तेल ओढत नाही, ती जागा मोकळी करून देते.

पण तेलाचं आणि कापसाचं जमतं कसं? याचा प्रयोग मला फार आवडतो. कपाशीच्या बोंडातला कापूस पाण्यावर टाका. तो तरंगत राहतो, भिजायचं नाव घेत नाही. औषधाच्या दुकानातला कापूस टाका, काही सेकंदांत पाणी पिऊन बुडतो. दोन्ही कापूसच! मात्र बोंडातल्या तंतूंवर मेणाचा अगदी पातळ थर असतो, औषधी कापसावरचा तो धुऊन काढलेला असतो. मेणाचं पाण्याशी पटत नाही, तेलाशी छान पटतं. म्हणून बोंडातला कापूस वातीला चालतो, जखम टिपायला नाही. नळी नुसती बारीक असून भागत नाही, तिच्या भिंतीचं आणि द्रवाचं पटावं लागतं. पाऱ्याचं काचेशी पटत नाही, म्हणून बारीक काचनळीत पारा चढण्याऐवजी खालीच दबतो.

अशा बारीक वाटा मातीतही असतात. सोलापूरकडे रब्बीची ज्वारी बरीचशी पावसाळ्यात काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ती ओल कणांमधल्या फटींतून हळूहळू वर येते आणि उन्हाने उडून जाते. शेतकरी म्हणतात, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’. कोळप्याची पास, म्हणजे त्याचं आडवं पातं, दोन-तीन बोटं माती हलवत जाते, जमिनीच्या भेगा बुजतात, आणि वर चढणाऱ्या पाण्याच्या त्या बारीक वाटा तिथेच तुटतात. ओल खाली, ज्वारीच्या मुळांपाशी राहते.