खेळातले करडू आणि खरी साथ

नाताळ जवळ आला की ऑनलाइन खेळांमध्येही भेटवस्तूंची रेलचेल सुरू होते. खेळणाऱ्याच्या पात्रामागे दुडूदुडू धावणारा छोटा प्राणी हा त्यातला एक आवडता प्रकार. मोठ्या लढायांमध्ये या सोबत्याचा फारसा उपयोग नसतो. तो फक्त बरोबर असतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात २०१४ च्या डिसेंबरमध्ये असाच एक सोबती आला. आर्गी नावाचे करडू. किंमत १० डॉलर. स्वतःसाठी घ्यावे किंवा मित्राला भेट द्यावे. वर्षअखेरपर्यंत जमणारी सगळी रक्कम पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत मदतीसाठी अमेरिकन रेड क्रॉसला दिली जाणार होती. पाहता पाहता १९ लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला.

या खेळाला साथ नवी नव्हती. १३ सप्टेंबर २००५ रोजी त्यात एक नवा शत्रू आला. तो पात्रांवर ‘दूषित रक्ता’चा मारा करी आणि जवळ उभ्या असलेल्यालाही ती बाधा होई. ती त्या एका लढाईपुरतीच राहावी, अशी रचना होती. पण काही पात्रांबरोबर लढणारे पाळीव प्राणी होते. लढाईत बाधा झालेला प्राणी मालकाने बाजूला ठेवला आणि पुढे भर शहरात पुन्हा बोलावला की बाधाही त्याच्यासोबत शहरात येई. दुकानदारांसारखी संगणकाने चालवलेली पात्रे त्या बाधेने मरत नसत, पण ती इतरांना देत राहत. लक्षणे न दिसणारा वाहक म्हणतात तो हाच.

या घटनेची दखल पुढे साथरोगतज्ज्ञांनी घेतली. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये त्यावर लेख आला. तज्ज्ञांना कुतूहल होते ते माणसांच्या वागण्याचे. कोणी इतरांना बरे करायला धावले आणि त्यात स्वतःच बाधित झाले. कोणी शहर सोडून पळाले आणि बाधा बरोबर घेऊन गेले. कोणी केवळ बघायला आले. शेवटी कंपनीला यंत्रणा पूर्वस्थितीवर आणावी लागली. मेलेली पात्रे पुन्हा उठून उभी राहिली.

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये ही सोय नव्हती. इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब अशा स्रावांच्या थेट संपर्कातून तो पसरतो. लागण झाल्यावर २ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात आणि लक्षणे दिसेपर्यंत रुग्णापासून इतरांना धोका नसतो. मग साथ एवढी का पसरली? कारण आजाऱ्याला हात लावणारे पहिले माणूस घरचेच असते. आई मुलाला पुसते, बहीण भावाला पाणी पाजते. मृत्यूनंतरही शरीरात विषाणू मोठ्या प्रमाणात असतो आणि मृताला स्नान घालणे, स्पर्श करून निरोप देणे ही तिथली रीत. अनेक घरांत अंत्यविधीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पुढचे रुग्ण निघाले.

म्हणून साथ आवरण्यात रेड क्रॉसच्या स्थानिक स्वयंसेवकांच्या दफन पथकांचा वाटा मोठा ठरला. संरक्षक पोशाख घालून, पण कुटुंबाला प्रार्थनेची आणि निरोपाची संधी देऊन ते दफन करीत. सुरुवातीला काही ठिकाणी मृतदेह घाईने उचलून नेले गेले, तेव्हा लोकांनी मृत्यूच लपवायला सुरुवात केली होती. मान राखला तेव्हा सहकार्य मिळाले.

हे सारे उभे राहायला पैसा लागतो आणि तो वेळेवर लागतो. साथीतला पहिला ज्ञात रुग्ण गिनीतील मेलिआंदू गावचा दोन वर्षांचा मुलगा. तो डिसेंबर २०१३ मध्ये दगावला. इबोलाचे निदान व्हायला मार्च २०१४ उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला. करडाची भेट आली तेव्हा साथीला वर्ष होत आले होते. अखेरीस २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून अधिक दगावले. त्यांत पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते. साथीपूर्वी सुमारे ४० लाख वस्तीच्या लायबेरियात डॉक्टर होते जेमतेम पन्नासच्या आसपास.

हा दोष करडू विकत घेणाऱ्यांचा नाही. हजारो मृत्यूंचा आकडा वाचून जो हात खिशाकडे जात नाही, तो एका गोंडस चेहऱ्यासाठी जातो, हा मनुष्यस्वभावच आहे आणि त्याचा उपयोग चांगल्या कामासाठी झाला, तर उत्तमच. पण अशी भेट आग लागल्यावर आणलेल्या पाण्यासारखी असते. विहीर आधी खणावी लागते. तापाच्या रुग्णांची रोजची नोंद, जवळची प्रयोगशाळा, हातमोजे, साबण, पगार मिळणाऱ्या परिचारिका, यांना गोंडस चेहरा नसतो. साथ नसते त्या वर्षीही त्यांच्यावर खर्च करावा लागतो आणि तो नेमका त्याच वर्षी नकोसा वाटतो.

सणाला मुलाने खेळातला एखादा सोबती भेट मागितला, तर आर्गीची ही गोष्ट त्याला जरूर सांगावी. खेळात यंत्रणा पूर्वस्थितीवर आणता येते. गावात नाही, तिथे आधीची तयारीच कामी येते.